सात कोटींचा कडता

सुमीचा मला राग यायचा हे खरं, पण सगळ्यात जास्त राग यायचा तो तिच्या संख्येचा. माणसाचा राग आला तर त्याची नक्कल करून मोकळं होता येतं. संख्येची नक्कल कशी करणार? तिला ना नाक, ना चाल, ना बोलता बोलता खाकरायची सवय. नुसते आठ आकडे भिंतीवर उभे. त्या उन्हाळ्यात माझ्या हाती असलेली एकुलती एक विद्या त्या आठ आकड्यांपुढे लंगडी पडली, आणि धरणगावच्या आमच्या ओट्यावरची माझी जागा गेली.

ही जागा म्हणजे काय, ते आधी सांगते. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, बाजारात मापाडी होते. जन्मभर धान्य मोजलं, कापूस तोलला. संध्याकाळी जेवणं उरकली की ते ओट्यावर बाज टाकून बसायचे. समोरच्या घरातले नाना यायचे. नाना दलाल. कापसाच्या गाडीत हात घालून चिमूटभर कापूस ओढला की भाव सांगायचे. मग आणखी दोघं-चौघं जमायचे, पानाचा डबा फिरायचा, आणि आबा हाक मारायचे, "ए टेप! इकडे ये. नानाले मनी मापणी दखाड." माझं नाव विजया, घरी विजू, पण ओट्यावर मी टेप. ज्याचा आवाज एकदा कानात गेला, तो माझ्या तोंडातून हुबेहूब बाहेर यायचा. एरंडोल गाडीचा कंडक्टर, बांगड्यावाली, आमच्या हेडबाई, घसा बसलेला लाऊडस्पीकर, सगळे माझ्या गळ्यात भाड्याने राहायला होते. पण हुकमी आयटम एकच, आबांची मापणी. मापाडी कधी 'एक' म्हणत नाही. पहिलं माप ओतताना म्हणतो 'लाभ'. "लाऽभ रे लाभ, दोऽन रे दोन, तीऽन रे तीन," असा तो सूर निघायचा. मी कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, आबांसारखी शेवटच्या अक्षराला हिंदोळा देत ते म्हणायचे आणि स्वतः आबाच सगळ्यात जास्त हसायचे. हसून हसून उपरण्याने डोळे पुसायचे. मला वाटायचं, जगात ह्याच्यावर काही नाही.

सुमी माझी आतेबहीण, सोनगीरची. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी यायची, तशी त्याही वर्षी आली आणि सुमीला घेऊन आली. आम्ही दोघी एका वयाच्या, दोघींनी दहावीची परीक्षा दिलेली, निकाल यायचा होता. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या होत्या. माय दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत पोळी लांबवून उपड्या खापरावर टाकायची आणि धुराने तिचे डोळे लाल व्हायचे. आमरसाची पातेली भरलेली. कडुनिंबाला झोका बांधलेला. मी झोक्यावर उभी राहून आत्याच्या सासूची नक्कल करत होते आणि आत्या पोट धरून हसत होती. सुमी मात्र ओट्याच्या पायरीवर बसून काडीने मातीत काहीतरी लिहीत होती. ती अशीच. सोनगीरला त्यांच्या गल्लीत दिवसभर तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक. मी म्हणायचे, त्या आवाजाने हिचा बोलायचा खिळा ढिला झाला असणार.

त्या आखाजीला आणखी एक गोष्ट ठरायची होती. जळगावला माझे काका होते, बँकेत नोकरीला. त्यांनी निरोप धाडला होता, की दोघींपैकी एकीला अकरावीसाठी मी माझ्याकडे ठेवून घेतो. एकीलाच. घर दोन खोल्यांचं, काकूची तब्येत तोळामासा. कुणाला पाठवायचं ते आबांनी ठरवायचं, मे महिन्याच्या शेवटी काका न्यायला येतील. मला जळगावला जायचंच होतं. तिथं कॉलेज होतं, थिएटरं होती, गॅदरिंग होतं, आणि मी ऐकलं होतं की तिथं नाटकात काम करणाऱ्या मुलींना नावं ठेवत नाहीत. निदान धरणगावाइतकी तरी नाही. आबा मला पाठवतील ह्याबद्दल मला शंकाच नव्हती. आबांचा टेप कोण? मी.

आणि त्याच रात्री जेवण झाल्यावर सुमीने खडू मागितला.

ओट्याची भिंत नुकतीच निळीने रंगवलेली. तिच्यावर सुमीने मोठ्या, नेटक्या अक्षरात लिहिलं, ७३९३९१३३. लिहून खाली वाचलं, "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस." नाना म्हणाले, "एवढी रक्कम कोनी शे व माय?" सगळे हसले. सुमी हसली नाही. ती म्हणाली, "ही मूळ संख्या आहे नाना. एकनं भाग जातो आणि हिच्या स्वतःनं जातो. मधल्या कुठल्याच आकड्यानं जात नाही."

"बरं मग?" मी म्हटलं.

"आता बघ." तिने अंगठ्याने शेवटचा तीन पुसला. ७३९३९१३ राहिले. "ही पण मूळ." आणखी एक तीन पुसला. "ही पण." मग एक पुसला, नऊ पुसला, तीन पुसला. ७३९ राहिले. "ही पण." नऊ पुसला. त्र्याहत्तर. "ही पण." तीन पुसला. भिंतीवर एकटा सात उरला. "सात पण मूळच. पालीची शेपटी तुटत गेली तरी पाल जिवंतच. आणि उलटं जोडायला गेलं, तर ह्या आठ आकड्यांच्या शेपटीला नववा आकडा कुठलाही लावा, संख्या फुटते. अशा जातीची ही सगळ्यात मोठी. हिच्यापुढे जगात एकही नाही. धुळ्याहून येतात ना आमचे सर, त्यांनी सांगितलं."

मला वाटलं, आता कुणीतरी जांभई देईल. पण आबा बाजेवर उठून बसले होते. म्हणाले, "सात पुसा ते?"

"मग काही नाही उरत."

"आनि एक? एक मूळ नही का? त्याले बी कोनी भागत नही."

सुमी जरा अडखळली. "सर म्हणाले, एक धरायचा नाही. एक मूळ पण नाही आणि दुसरीकडचा पण नाही. तो वेगळाच."

आबांनी मांडीवर थाप मारली. "आम्ही बी एक धरत नही! आमना एक म्हणजे लाभ!" आणि ते हसले. उपरण्याने डोळे पुसले. नानांकडे वळून म्हणाले, "पोरगी काय सांगी ऱ्हायनी आयकं का? लाभ गिनतीमा नही!"

लाभ माझा होता. तो सूर, ती मान, तो हिंदोळा मी वर्षानुवर्षं घोटलेला. आणि ह्या मुलीने तोंडातून एकही सूर न काढता, खडूच्या एका तुकड्याने, तो माझ्या हातातून काढून घेतला. त्या रात्री आबांनी मला हाक मारली नाही. सुमीकडून ती संख्या परत लिहवून घेतली आणि स्वतःच्या अंगठ्याने एकेक आकडा पुसून पाहिला, लहान मुलासारखं.

आता इतक्या वर्षांनी मी धुळ्यात राहते, गुडघे दुखतात, सुमीशी फोनवर तासतास बोलते, तरी ते आठवलं की अजून छातीत बारीकसं काहीतरी टोचतं. माणसं म्हणतात, मत्सर म्हातारपणी निवतो. काही निवत नाही. फक्त त्याच्यावर साय धरते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कामाला लागले. जगात कुणीच तोडू शकत नाही म्हणते काय? तोडूनच दाखवते. उन्हाळ्यात आमच्याकडे धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, बिबडे वाळत घालायचे असतात. ज्वारीचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ-लसूण-मिरची, आणि ओल्या धोतरावर हाताने थापून उन्हात पसरायचे. कावळे राखायला घरातली पोरं वर बसवायची. त्या वर्षी आम्ही दोघी. सुमी एका टोकाला काठी घेऊन बसायची. मी दुसऱ्या टोकाला, चुलीतला कोळसा घेऊन, कठड्याच्या भिंतीवर भागाकार मांडत. दोननं एक उरला. तीननं दोन उरले. पाचनं तीन. सातनं परत दोन. अकरानं चार, तेरानं आठ. पुढे कुठे दहा, कुठे वीस. उन्हात डोकं तापलेलं, अर्धवट वाळलेला बिबडा चघळत मी भागत राहिले. सत्तेचाळीसपर्यंत आले, आणि तिथं पंधरा लाख त्र्याहत्तर हजार एकशे त्र्याहत्तर वेळा भाग जाऊन खाली उरले फक्त दोन.

मी थबकले. तीनातले दोन म्हणजे पुष्कळ झाले. पण सत्तेचाळिसातले दोन? आणि मला एकदम बाजार आठवला.

बाजारात माल तोलला की पुऱ्या वजनाचा हिशेब कधीच होत नाही. पोत्याचं वजन, माती, ओल, वारा ह्यांच्या नावाने थोडं वजन कापतात. त्याला कडता म्हणतात. वाद नाही, भांडण नाही. दलाल म्हणतो, "कडता धर," आणि मापाडी वरचं वजन सोडून पुढचं पोतं घेतो. आमच्या गावात कडता न धरणारा माणूस म्हणजे चिक्कू, किंवा मग परगावचा.

त्या संध्याकाळी मी हाक येण्याची वाट पाहिली नाही. स्वतःच ओट्याच्या मध्यभागी उभी राहिले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्यासारखं केलं, आणि नानांच्या आवाजात, तोंडात पान असल्यासारखं, म्हणाले, "ऐका हो! सात कोटीना माल उना शे. सत्तेचाळीसना काटावर चढावा." मग आबांच्या आवाजात, "लाऽभ रे लाभ..." अशी सुरुवात करून भिंतीवर खडूने सगळा भागाकार करून दाखवला. शेवटी दोन उरले. मी नानांसमोर झुकून विचारलं, "शेटजी, दोन उरनात. काय करू?"

नाना असे खूश झाले, की पानाची पिंक टाकायची विसरले. "सात कोटीमा दोन? ते ते वारावर उडी जातस! कडता धर नि मोकळी व्हय!"

"तुटनी! संख्या तुटनी!" बाकीचे ओरडले. कुणीतरी टाळी वाजवली. माझ्या अंगावर परत ती जुनी ऊब आली, सगळ्यांच्या नजरांची.

"असं नसतं," सुमी म्हणाली. ती दारात उभी होती. "दोन उरले म्हणजे उरले."

नाना तिला समजावायला लागले, की पोरी, व्यवहारात इतकं ताणू नये. ती परत म्हणाली, "उरले म्हणजे उरले नाना. कापूस नाहीये तो." आवाज फुटत होता. मी लगेच तिच्यासारखी मान खाली घातली, वेणीचं टोक ओढलं, आणि नाकातून म्हटलं, "उरले म्हणजे उरलेऽऽ." ओटा हसून कोसळला. सुमी आत निघून गेली. आतून मायने हाक मारली, "सुमे, कळण्याची भाकर काढी शे, खाई ले."

मी जिंकले होते. पण हसता हसता मी आबांकडे पाहिलं, आणि आबा हसत नव्हते. भिंतीवरच्या त्या दोनकडे बघत होते. मी त्यांना विचारलं, "आबा, बरोबर ना?" ते म्हणाले, "नक्कल झकास व्हयनी." एवढंच. जन्मभर कडता धरलेला माणूस, आणि आज म्हणतो नक्कल झकास. सकाळी उठून बघते, तर ओट्यावर आबा आणि सुमी, आणि आबा तिला विचारतायत, "ते पालना शेपटीवालं परत दखाड."

तेव्हा मला कळलं, की कडत्याने भागणार नाही. तिला खरंच तोडावी लागेल. शून्य उरेपर्यंत.

मग सुरू झाला तो महिना. सकाळी बिबडे, दुपारी पापड, आणि मध्ये सगळा वेळ मी आणि माझा कोळसा. कठड्याची भिंत भरली, मग धाब्याची जमीन, मग पाण्याच्या टाकीच्या पाठीपर्यंत गेले. माय वर आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "बठ्ठा धाबा काया करी टाका ह्या पोरनी! काय, चूल पेटवी ऱ्हायनी का गनित करी ऱ्हायनी?" मी चिडून पुढच्या आकड्याकडे वळायचे. आणि सुमी दुसऱ्या टोकावरून सगळं बघत असायची. चौथ्या की पाचव्या दिवशी ती जवळ आली. मला वाटलं, घाबरली. ती म्हणाली, "एकवीसनं कशाला भागतेस? तीननं नाही जात, सातनं नाही जात, मग एकवीसनं कसा जाईल? फक्त मूळ संख्यांनीच भाग."

"त्या कशा ओळखायच्या?"

"आधी चाळून घे. सगळे आकडे लिही. मग दोनच्या पटीतले गाळ, तीनच्या पटीतले गाळ, पाचच्या. चाळणीत उरतील ते मूळ." आणि जाता जाता म्हणाली, "आणि आठ हजार सहाशेच्या पुढे जाऊ नको. तिथल्या आकड्याचा वर्गच हिच्यापेक्षा मोठा होतो. त्याच्या आत भाग नाही गेला, तर कधीच जाणार नाही."

म्हणजे मी तिचं घर फोडायला निघाले आणि ती मला कुदळ काढून देते, आणि वर कुठून खणायचं तेही सांगते! इतका विश्वास तिचा त्या संख्येवर. त्या विश्वासाचाच मला खरा जळफळाट झाला. माझा कशावर होता असा विश्वास? लोक हसतात तोवर मी. हसायचं थांबले की मी कोण, हे मी कधी बघितलंच नव्हतं. तिचं तसं नव्हतं. कुणी ओट्यावर असो नसो, ती संख्या तशीच.

परवा नातवाला मी हा आकडा सांगितला. त्याने मोबाइलमध्ये घातला आणि पापणी लवायच्या आत म्हणाला, "आजी, प्राइम आहे." मला त्या मोबाइलचाही राग आला. माझ्या एका उन्हाळ्याचं काम, आणि ह्या मेल्याला घामसुद्धा आला नाही.

तर मी भागत राहिले. शेकड्यांत होते ती हजारांत गेले. बोटं काळी, नखं काळी, आमरसाच्या वाटीवर काळे ठसे. हळूहळू एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. प्रत्येक भागाकाराच्या शेवटी मी शून्याची वाट बघायचे, आणि शून्य नाही आलं की चिडायचे. पण एकदा पाच हजारांच्या आसपास कुठेतरी शून्य आलं. मी उडी मारून उठले, ओरडणार होते. मग परत तपासलं. मध्ये एक हातचा विसरले होते. शून्य नव्हतंच. आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी लगेच स्वतःवर चिडले आणि पुढचा आकडा घेतला.

काका आले त्या दिवशी दुपारी माझा शेवटचा भागाकार संपला. शून्य नाही. मी कोळसा फेकून दिला आणि टाकीच्या सावलीत बसून राहिले. खाली आत्याच्या बांगड्या वाजत होत्या, काकांसाठी शेवभाजीची फोडणी पडली होती, त्या मसाल्याच्या ठसक्याने वरपर्यंत खोकला येत होता.

संध्याकाळी ओटा भरला. काका बाजेवर आबांशेजारी, इस्त्रीच्या शर्टात. नानांनी त्यांना सगळी कथा सांगितली, कशी सुमीने संख्या आणली आणि कशी टेपने तोडली. "लाव व टेप, कडतानं लाव!" ते म्हणाले. काका माझ्याकडे हसून बघायला लागले. मला वाटलं, आत्ता. ह्याच घडीला जळगाव ठरणार.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. आणि आबा म्हणाले, "कडतानं ऱ्हाऊ दे. विजू, महिनाभर तू वर बसनी. मोडी का ती?"

हो म्हणायला काय लागत होतं? कुठलाही एक चार आकडी भाजक फेकला असता. ओट्यावर कोण तपासणार होतं? नाना? नानांनी तर टाळी तयारच ठेवली होती. फक्त सुमीला कळलं असतं. ती दारात उभी होती, वेणीचं टोक हातात. मी तोंड उघडलं. नानांचा आवाज काढायचा होता, पान चघळल्यासारखा. पण बाहेर आला तो सुमीचा. नाकातला, मान खाली घातलेला.

"नाही मोडत आबा. सगळ्या आकड्यांनी भागून बघितलं. दरवेळी उरतं. उरतं म्हणजे उरतं."

आणि ओटा हसून हसून लोळायला लागला! त्यांना वाटलं, नक्कल. काका म्हणाले, "अरे, हुबेहूब सुमी!" नानांना ठसका लागला. मी तिथं उभी, आयुष्यात पहिल्यांदा नक्कल न करता बोललेली, आणि सगळे पोट धरून हसतायत. मी म्हटलं, "अहो, खरंच म्हणते," तर ते आणखी हसले. नकलाकाराची ही गंमत आहे. लांडगा आला रे म्हणायचीही सोय नाही, लोक विचारतात कोणाचा आवाज आहे हा.

सुमी हसली नाही. आबाही नाही.

मग काका निवांत झाले आणि म्हणाले, "आबा, मग कोणाला नेऊ? हिला तर जळगावला खूप वाव आहे, पण घर दोन खोल्यांचं..." आबांनी पानाचा डबा बंद केला. म्हणाले, "सुमीले ले जा. टेप गयी ते मना ओटावर काय वाजी?"

मी उभीच होते. महिनाभर मला वाटलं, आबांनी मला टाकलं, माझी जागा सुमीला दिली. आणि खरं काय, तर जागा इतकी माझी होती, की तीच माझ्या पायात अडकली. सुमीवर कमी जीव म्हणून सुमी जळगावला, माझ्यावर जास्त जीव म्हणून मी धरणगावात. बाजारातल्या कुठल्या काट्यावर हे तोलायचं? मी आत गेले, आणि मायने पुढे ठेवलेली शेवभाजी इतकी तिखट होती, की रडायला वेगळं कारण लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर तिला सोडायला गेले. जायचं मनात नव्हतं, पण तिची पिशवी जड होती आणि आत्याचा हात दुखत होता. काका तिकिटाच्या चौकशीला गेले. आम्ही दोघी जळगाव गाडीजवळ उभ्या. माझी नखं अजून काळीच.

"काल खरं बोललीस?" सुमीने विचारलं. "का नक्कल?"

"खरं."

"सगळ्यांनी भागलंस? आठ हजार सहाशेपर्यंत?"

"चाळणीत उरलेल्या सगळ्यांनी. एखादा हातचा चुकला असेल तर देव जाणे. पण शून्य कुठेच नाही."

ती बुटाच्या टोकाने माती उकरत म्हणाली, "मी एकानेही भागलं नव्हतं."

"काय?"

"सरांनी फळ्यावर लिहिलं, मी पाठ केलं. तीननंसुद्धा भागून बघितलं नाही कधी." आणि तिने माझ्या हातांकडे बघितलं. त्या काळ्या नखांकडे.

मी त्या वेळी कुणाचाही चेहरा करू शकायचे, तसाच कुणाचाही वाचूही शकायचे. सुमीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अख्खा महिना टाकीच्या पाण्यात वाकून रोज बघितलं होतं. ओठ जरासे आत, नाकपुड्या ताणलेल्या, नजर दुसऱ्याच्या हातावर. जळगावचं तिकीट तिचं, काकांचं घर तिचं, संख्या तिची, आणि ही मुलगी माझ्या नखांवर जळत होती. इतकं बरं वाटलं मला, म्हणून सांगू! सगळे बिबडे, सगळा कोळसा वसूल.

काका आले, दोघं गाडीत चढली. सुमीला खिडकी मिळाली. गाडी सुरू होऊन घरघरत उभी होती. काच धुळीने माखलेली, आमच्याकडच्या सगळ्याच गाड्यांची असते तशी. मी बघते तर सुमीने बोट वर केलं आणि त्या धुळीत आतून लिहायला लागली. बाहेरून मला सगळं उलटं दिसत होतं. पण मला ते उलटंही ओळखू आलं. सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, तीन. त्याच्या बाजूला तिने भागाकाराची कंसासारखी रेघ ओढली, आणि पलीकडे लिहिलं, तीन.

गाडी हलली. मी बरोबर धावायला लागले आणि गर्दीतून, माझ्या स्वतःच्या आवाजात, घसा फाटेपर्यंत ओरडले,

"दोन उरतील!"